चिठ्ठी नको, कुपी द्या : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
गोवा सरकार

विषय : सापाचे औषध, रात्रीचा डॉक्टर आणि काचेची एक नळी.

महोदय,

सप्रेम नमस्कार. आम्ही घरांत शिरलेले साप धरून रानात सोडणारी माणसे. तुमचे नाव घालत नाही. खाती फिरतात, माणसे इकडची तिकडे जातात, पक्षही बदलतात, खुर्ची तेवढी जागच्या जागी राहते. हे पत्र त्या खुर्चीला आहे.

गेल्या आठवड्यात सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर तिन्हीसांजेला न्हाणीचे पाणी तापवायला एका बाईने नारळाच्या सोडणांच्या राशीत हात घातला आणि घोणशीने मनगट धरले. पाऊण तासात तिला जवळच्या आरोग्य केंद्रात पोचवले. तिथे औषध होते. कपाटात होते. कपाटाची चावी औषधे देणाऱ्याकडे आणि तो घरी. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलाने कागद ओढला, तीन शब्दांची चिठ्ठी लिहिली, 'स्नेक बाइट, रेफर्ड', म्हणजे मोठ्या इस्पितळात न्या, आणि बाई बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या वाटेला लागली. सत्तरीच्या टोकावरून बांबोळी साठेक किलोमीटर, त्यात पाऊस, त्यात खड्डे. साडेसातला दंश, सव्वादहाच्या पुढे शिरेत औषधाचा पहिला थेंब. बाई जिवंत आहे. आता डायलिसिसवर आहे.

घोणशीचे विष रक्त गोठायची क्रियाच मोडून टाकते आणि मूत्रपिंडावर जाते, म्हणून प्रत्येक मिनिट मोजायचे असते. विष अंगात भिनले आहे की नाही हे बघायला मोठे यंत्र लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, शिरेतले ताजे २ मिलीलिटर रक्त तिच्यात सोडायचे, न हलवता २० मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच आडवी करायची. रक्ताची गुठळी धरली तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर औषध सुरू. एवढेच. पण नळी काचेची हवी, कारण प्लास्टिकला लागून रक्त हवे तसे गोठत नाही आणि चांगल्या माणसाचेही रक्त वाहते राहून फसवते. साबणाने धुतलेली काचही चालत नाही, तेच होते. आता केंद्रांत सगळे प्लास्टिकचे, वापरा नि फेका. काचेची नळी मागितली की नर्सबाई आपल्याकडे जुन्या काळचा माणूस म्हणून बघते. चार-आठ रुपयांची वस्तू, साहेब. टेंडर काढायला फारच लहान पडते, म्हणून राहिली असेल.

आता कुप्या. आपल्याकडचे प्रतिविष, म्हणजे कुपीतले ते सापाचे औषध, चार सापांवर चालते : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. विष भिनल्याची लक्षणे दिसली की सुरुवातच साधारण १० कुप्यांनी होते. पावडरीच्या एकेका कुपीत १० मिलीलिटर पाणी घालून ती तळहातात हळू फिरवायची. घाईने हलवली की फेस येतो आणि विरघळायला जास्त वेळ जातो. मग सगळे सलाइनमध्ये मिसळून तासाभरात आत. दर ६ तासांनी पुन्हा नळी, रक्त तरीही गोठत नसेल तर पुन्हा कुप्या. पोराला डोस कमी नाही, मोठ्या माणसाएवढाच, कारण सापाने वय विचारून विष सोडलेले नसते. आणि त्या बंद कपाटात कुप्या होत्या पाच. पाच म्हणजे अर्धा रोगी. कुपी पाचशे रुपयांची धरा, दहा कुप्यांचे पाच हजार. गेल्या महिन्यात आमच्या भागात एका गटाराचे उद्घाटन झाले, त्या मंडपाचे भाडे याहून जास्त असणार. हिशेब आम्ही तपासलेला नाही. तुम्ही तपासा.

चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या मुलावर आमचा राग नाही. कपाट उघडे असते तरी त्याने बहुतेक चिठ्ठीच लिहिली असती, आणि याचे कारण कोणी उघड बोलत नाही. त्याला भीती औषधाची आहे. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात. काहींना रिॲक्शन येते, अंगावर पित्त उठते, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. त्यावरचा उपाय ट्रेमध्ये पडलेला असतो : अॅड्रेनालिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलीलिटर, मांडीच्या स्नायूत. कुपी सुरू करायच्या आधीच ते सुईत भरून हाताशी ठेवायचे. रिॲक्शन आली की सलाइन थांबवायचे, सुई द्यायची, माणूस सावरला की हळू वेगाने पुन्हा सुरू. दोन तासांत शिकवता येते. पण शिकवणार कोण? कंत्राटावरचा पंचवीस वर्षांचा डॉक्टर, सोबत एक नर्स, बाहेर तीस माणसे आणि त्यांतली दहा मोबाइल काढून उभी. काही वाकडे झाले तर कॉलर त्याची धरणार, तुमची नाही. तो चिठ्ठी लिहिणारच. तुमच्या खात्याने त्याला तेवढेच शिकवले आहे.

मण्यारीची गोष्ट याहून वाईट. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, दुखणे जवळजवळ नाही, दाताची खूण भिंग घेऊन शोधावी लागते. पहाटे माणूस पोट दुखते म्हणून उठतो. केंद्रात गॅसची गोळी मिळते. तासा-दोन तासांत पापण्या खाली येतात, बोलणे जड होते, थुंकी गिळवत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपणारा माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर आधी पापण्या बघाव्यात, उशीवरून डोके उचलायला सांगावे, एका श्वासात किती आकडे मोजतो ते बघावे. बधिर झालेल्या नसा औषधाने लगेच सुटत नाहीत, म्हणून श्वास यंत्राने किंवा हाताने चालू ठेवावा लागतो. अशा रोग्याला चिठ्ठी देऊन पाठवायचेच असेल तर १०८ मध्ये अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आणि ती वाटभर दाबणारा माणूस हवा, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा, बांबोळी येईपर्यंत. खासगी रिक्षातून पाठवणे म्हणजे काय ते आम्ही लिहीत नाही. आणि तुमचे जनजागृतीचे फलक! त्यांवर फणा काढलेला नाग. मण्यारीला फणा नसतो, घोणशीला नसतो, फुरशाला नसतो. फलक वाचून लोक फण्याची वाट बघत बसतात.

कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागांतल्या, चापडे जातीच्या विषारी सापांवर तर हे औषध चालतच नाही. हिरवा चापडा, मलबारी चापडा, पाचोळ्यात बसणारा तो नाकाड उचललेला हंप नोज, यांचे विष कुपी बनवताना घेतलेलेच नाही. देशातल्या कुप्यांसाठीचे बहुतेक विष तामिळनाडूतल्या इरुळा या साप पकडणाऱ्या जमातीच्या सोसायटीतून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांताला बदलते. आमच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावरच्या, फुरशाला ते औषध कितपत लागू पडते हे तपासायला इथल्या सापांचे विष घ्यावे लागेल. इथे नळीच मिळत नाही, तर ही मागणी पुढच्या जन्मी.

दिल्लीने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाची राष्ट्रीय कृती योजना काढली. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने सगळ्या राज्यांना लिहिले, सर्पदंश हा कळवायचा आजार म्हणून जाहीर करा, म्हणजे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक इस्पितळाला प्रत्येक दंश नोंदवावा लागेल. शेजारच्या कर्नाटकाने हे पत्र येण्याआधीच, फेब्रुवारीत, करून टाकले होते. आपण काय केले ते तुम्हीच जाहीर सांगा. देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सापाने मरतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि सरकारी वहीत त्याचा छोटासा तुकडा दिसतो. कारण सोपे आहे. वाटेत मेलेला माणूस केंद्राच्या वहीत 'रेफर्ड' असतो आणि इस्पितळाच्या वहीत 'मृत आणला'. मग निम्मे करणार ते कशाचे?

लोक घाबरतात ते उगाच नाही. वाड्यावर आजही रात्री सापाचे नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. आणि भीतीपोटी पैसे घालवतात, कार्बोलिक ॲसिडवर, फिनेलवर, डांबराच्या गोळ्यांवर, लसणीच्या फवाऱ्यावर. यातल्या कशानेही साप थांबत नाही. कार्बोलिकने पोरांचे हात तेवढे भाजतात. साप येतो उंदरामागे, बेडकामागे, पालीमागे. दाराखाली करंगळी जाईल एवढी फट असली तर पिल्लू आत येते, तिथे रबराची पट्टी मारावी. न्हाणीच्या मोरीला पाव इंची जाळी, नळाच्या भोकाभोवती सिमेंट, कौलांना टेकलेली फांदी छाटलेली. सोडणां, माडाच्या सुक्या चुडती आणि लाकडे भिंतीला टेकून ठेवू नयेत. घरापासून पंचवीस-तीस फुटांवर, जमिनीपासून फूटभर वर मांडव करून ठेवावीत, आणि काढताना हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोकावे. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी लावून कडा चटईखाली खोचाव्यात. मण्यारीवर याहून स्वस्त औषध नाही. चिऱ्यांचा कोरडा गडगा असेल तर त्याच्या भेगांत बोटे घालून चढू नये. भाजीच्या वाफ्याला नायलॉनची मासळीची जाळी लावू नये, धामण अडकून मरते आणि उंदरांचे फावते.

हे सगळे आम्ही घरोघर सांगतो. आता तुमच्या वाटणीचे ऐका. रस्त्याकडेची झाडी मिरगाआधी कापायची ती पंचायत गणपतीच्या चवथीला कापते, तीही पुढारी येणार त्या वाटेची. वाड्यावरचे विजेचे दिवे जूनमध्ये जातात ते दिवाळीला उजळतात. घरोघरच्या पाण्याच्या मीटरचा खड्डा हा तर सरकारने बांधून दिलेला वारूळ आहे : चार चिरे, ओल, बेडूक, वर झाकण नाही. महिन्याला मीटर वाचायला येणारा तुमचाच माणूस त्यात वाकून बघतो. आणि चवथ तोंडावर आली आहे. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळे टांगतात त्या मांडवीसाठी, लोक कांगलां, घागऱ्यो अशी फळे आणायला ओल्या रानात शिरतील, बहुतेक चपला घालून.

आमच्याबद्दल थोडे. साप धरायला वन खाते आहे, अग्निशामक दल आहे, पण 'जिवाणें आयलां, बेगीन या' (साप आलाय, लवकर या) हा फोन रात्री दोनला आम्हाला येतो. पेट्रोल आमचे, बूट आमचे. चिमटा आम्ही वापरत नाही, त्याने सापाच्या बरगड्या मोडतात. आकडी, काळी पिशवी आणि तिच्या तोंडाला बांधलेला तीन फुटी पीव्हीसी पाइप, तेवढे पुरते. सापाला अंधारे भोक दिसले की तो आपणच आत जातो. सोडायचा तोही जवळच्या रानात. लांबच्या जंगलात सोडलेला साप भटकून मरतो, म्हणून त्याला अभयारण्यात नेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो आपल्यापाशी ठेवावा. आमच्यात फोटोसाठी नागाला हातात खेळवणारे दिवटेही आहेत, त्यांचे परवाने काढून घ्या. पण बाकीच्यांना विमा? महाराष्ट्रात ओळखपत्राची आणि विम्याची निदान घोषणा तरी झाली. इथे घोषणेचाही दुष्काळ, आणि घोषणांसाठी आपले राज्य प्रसिद्ध आहे.

फोन वाढले आहेत आणि ते कुठून येतात हे आम्हाला ठाऊक आहे. जिथे डोंगर कापला, तिथून. पोकलेन सड्यावर चढला की फुरसे, नाग, घोणस सगळी खालच्या घरांत उतरतात. नगरनियोजन कायद्याची जमिनीचा झोन बदलू देणारी ती कलमे, १७(२) आणि ३९अ, आता गावातल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ आहेत. काजूची बागायत एका रात्रीत 'सेटलमेंट', म्हणजे घरे बांधायची जमीन, होते, व्हिला उभे राहतात, आणि मग व्हिलावाले विचारतात की इथे साप कसे? माणसाला बांबोळीची चिठ्ठी तरी मिळते, सापाला तीही नाही.

आम्हाला समिती नको, कार्यशाळा नको, बॅनर तर नकोच. प्रत्येक केंद्रात २० कुप्या, चावी नर्सबाईच्या खिशात, दोन डझन काचेच्या नळ्या, अॅड्रेनालिन, अंबू बॅग, आणि चिठ्ठी लिहिण्याआधी पहिला डोस सुरू करण्याचा लेखी हुकूम, तुमच्या सहीचा, म्हणजे काही झाले तर त्या मुलामागे कोणी उभे असेल.

जमल्यास आज रात्री दोन वाजता, आपले नाव न सांगता, राज्यातल्या कुठल्याही तीन आरोग्य केंद्रांत फोन लावा. विचारा : कुप्या किती, चावी कोणाकडे, काचेची नळी आहे का? काय उत्तर आले, किंवा फोन उचललाच नाही, ते आम्हाला कळवा. आम्ही जागेच असतो.

आपले,
साप उचलणारे काही जण
सत्तरी, सांगे आणि काणकोण