फोर्टमधील फोटोच्या दुकानातल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपल्या दुकानात मी आले तेव्हा मला फक्त १२ रोल विकत घ्यायचे होते. बिल करण्याआधी आपण ‘कुठे निघालात?’ असे विचारलेत आणि ॲमस्टरडॅमजवळ राहणाऱ्या ताईच्या बाळाच्या बारशाचे फोटो वडिलांच्या पेंटॅक्स के १००० या फिल्मच्या कॅमेऱ्यावर काढायला मी निघाले आहे, हे कळताच बिलबुक बाजूला ठेवून मला स्टुलावर बसवलेत. त्या अर्ध्या तासासाठी हे पत्र आहे. माझ्यासारख्या इतरांच्याही ते उपयोगी पडावे, म्हणून सर्वांसमोर लिहीत आहे.

रोल चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नका, हे आपले पहिले वाक्य होते. त्या सामानासाठीची यंत्रे फार प्रखर असतात आणि फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांवर एक्स-रेचा परिणाम उजेडासारखाच होतो, हे आपण समजावलेत. हातातली बॅग तपासणाऱ्या जुन्या एक्स-रे यंत्रातून ८०० आयएसओपेक्षा कमी वेगाचा (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म उजेडाला जास्त संवेदनशील) रोल एक-दोनदा गेला तर सहसा बिघडत नाही, मात्र प्रत्येक फेरीचा परिणाम साठत जातो. बॅगेची सर्व बाजूंनी प्रतिमा घेणाऱ्या, अधिक प्रखर अशा नव्या सीटी स्कॅनरमधून तर तो एकदाही जाऊ देऊ नये, असे कोडॅक आणि इल्फर्ड या कंपन्याही सांगतात. एक्स-रे अडवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या शिशाच्या पिशवीवर पैसे घालवू नका, पडद्यावर काळा डाग दिसला की बॅग उघडायला लावतात किंवा पुन्हा यंत्रात घालतात, हेही आपण सांगितलेत; वास्तविक ती पिशवी आपल्याच कपाटात विक्रीला होती. याचे मोल मी विसरणार नाही.

मग आपण स्वतः एकेक रोल खोक्यातून काढून पारदर्शक डब्यांत घातलात, डब्या झिपच्या पिशवीत भरल्यात आणि आकडा चटकन दिसावा म्हणून ३२०० आयएसओचा रोल सर्वांत वर ठेवलात. कॅमेरा रिकामा न्यायचा, कारण आत रोल असेल तर तो उघडून दाखवता येत नाही. रांगेत लवकर उभे राहायचे, हाताने तपासण्याची विनंती नम्रपणे करायची, आणि कोणी नाहीच म्हटले तर वाद न घालता परतण्यापूर्वी तिथेच रोल धुऊन (डेव्हलप करून) घ्यायचे, कारण धुतलेल्या निगेटिव्हला त्या यंत्रांची भीती नसते.

सहारच्या टर्मिनल २ वर तपासणीच्या जवानाने पिशवी हातात घेऊन डब्या पाहिल्या आणि परत दिली. परतताना स्खिपोल विमानतळावर सीटी स्कॅनर होते. तेथील अधिकारी बाईंनी डब्यांवरून कापडाची पट्टी फिरवून ती स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या यंत्रात तपासली. दोन्ही ठिकाणी मिळून दहा मिनिटेही लागली नसतील.

एक रोल मात्र मी गमावला. निघण्याच्या सकाळी ताई बाळाला तेल लावत होती, तेव्हाचा तो रोल मी कोटाच्या खिशात ठेवला आणि घाईत कोट मोठ्या बॅगेत गेला. धुतल्यावर आपण तो आणि बारशाचा रोल लाइट बॉक्सवर शेजारी ठेवलेत. बारशाच्या पट्टीत सावल्या स्वच्छ होत्या. या पट्टीवर राखाडी धुके पसरले होते आणि त्यात लाटांसारखे पट्टे उमटले होते. आपण मला एका शब्दानेही दोष दिला नाहीत. ‘यातली एक फ्रेम निघेल’ एवढेच म्हणालात आणि संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणाऱ्या ‘कडक’ फोटो-कागदावर तिचा प्रिंट काढून दिलात. पैसे घेतले नाहीत.

त्या प्रिंटमध्ये ताईचे हात आणि बाळाचे कपाळ एवढेच नीट दिसते. आईने तो देवघराशेजारी लावला आहे. बारशाच्या फोटोंचा एक संच आपल्यासाठी बाजूला ठेवला आहे. शनिवारी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
गिरगावातील एक गिऱ्हाईक