माळावरचे प्रत्येक मातकट पाखरू चिमणी नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२० मार्चचा जागतिक चिमणी दिन जवळ आला की हौशी निरीक्षकांच्या नोंदींत उघड्या माळावर टिपलेली ‘चिमणीची मादी’ हमखास आढळते. आसपास घर नाही की गोठा नाही, अशा खडकाळ जमिनीला चिकटून बसलेले ते पाखरू बहुतेक वेळा डोंबारी, म्हणजे चंडोलाच्या कुळातला जेमतेम १२-१३ सेंटिमीटर लांबीचा पक्षी असतो. नोंद करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्याची चोच चिमणीसारखीच जाड व आखूड असते आणि मादीच्या अंगावर डोळ्यांत भरेल अशी एकही खूण नसते.

नराची ओळख सोपी आहे: माथा राखाडी, गाल पांढुरके, डोळ्यातून जाणारी पट्टी आणि हनुवटीपासून पोटापर्यंतचा भाग काळा. कच्छ-राजस्थानच्या रुक्ष पट्ट्यात मात्र त्याचा काळ्या माथ्याचा भाऊबंदही असल्याने तेथे माथा नीट पाहूनच नाव लिहावे.

मादीच्या बाबतीत रंगापेक्षा चाल पाहावी, असे माझे मत आहे. चिमणी टुणटुण उड्या मारते. डोंबारी आखूड पायांवर चालतो, तेही इतके खाली वाकून की सरपटत असल्याचा भास व्हावा. माणसाची चाहूल लागताच तो ढेकळाआड दबून बसतो आणि आपण अगदी जवळ पोहोचल्यावरच भुर्रकन उडतो. म्हणून त्याच्यामागे धावण्यापेक्षा माळाच्या कडेला स्वस्थ बसून दुर्बिणीने ढेकळे न्याहाळणे केव्हाही श्रेयस्कर. विणीच्या काळात तर नर स्वतःच ठावठिकाणा सांगतो. पंख फडफडवत तो सरळ वर चढतो, पंख मिटून शीळ घालत खाली झेपावतो, त्याच वेगाच्या जोरावर पुन्हा वर उसळतो आणि असे अनेकदा करून एखाद्या दगडावर उतरतो. जोडीतली मादी पुष्कळदा तेथेच आसपास चरत असते.

एक विनंती छायाचित्रकारांना. याचे घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला असलेला, काठाला बारीक खडे मांडलेला उथळ खळगा. त्यातली दोन-तीन अंडी चालत्या गाडीतून दिसणे शक्यच नाही, तेव्हा वाट सोडून गाडी माळात घालू नये.

चुकीच्या नोंदीने केवळ यादी बिघडते असे नाही. चिमणीखेरीज काहीच नसलेला माळ कागदावर ‘पडीक’ ठरतो आणि मग तेथे वृक्षलागवडीसाठी खड्डे खणले जातात. झाडी दाट झाली की मोकळ्या जमिनीवर जगणारा हा पक्षी तेथून हटतो. यंदा चिमणी दिनाच्या मजकुरात चिमणीच्या मादीशेजारी डोंबारीच्या जोडीचे छायाचित्र आपण छापावे, आणि नोंद पाठवणाऱ्यांनी ‘पक्षी चालत होता की उड्या मारत होता’ एवढे आवर्जून लिहावे, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक