भाऊ, बोलायचं राहिलं ते

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या लॅबमधल्या निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, समोसे झाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी खरंच दोनच बोलले. उरलेले आता सगळ्यांसमोर लिहिते.

आयओटी, म्हणजे वस्तूंना सेन्सर लावून इंटरनेटला जोडायचं तंत्र, हा विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा माझी तयारी म्हणजे ऐंशी स्लाइड्स. एमक्यूटीटी हा यंत्रांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायचा प्रोटोकॉल १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवायला निघाला, ब्रोकर म्हणजे काय, पब्लिश-सबस्क्राइब म्हणजे काय, पोरांच्या वह्या भरल्या होत्या. लॅबमध्ये तयार ट्रेनर किट. बटण दाबा, दिवा लागला, रीडिंग जर्नलमध्ये उतरवा, सही घ्या. तुम्ही दारातून म्हणालात, ‘‘मॅडम, पोरं काय करून राहिली? बटणच तर दाबून राहिली.’’ मला तेव्हा राग आला होता, आता सांगायला हरकत नाही.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही बर्डीच्या बाजारातून पंधरा नोडएमसीयू (वायफाय असलेले छोटे बोर्ड), ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी घेऊन आलात. बिल मंजूर व्हायला किती महिने लागले ते जाऊ द्या. तोवर पैसे तुमच्याच खिशातले होते.

पहिलं प्रॅक्टिकल माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. तीस पोरं, पंधरा बोर्ड, कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर मॉस्किटो ब्रोकर, म्हणजे बोर्डांचे संदेश इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम. प्रत्येक बोर्ड जोडला जायचा आणि दोन सेकंदांत तुटायचा. मी राउटरला दोष दिला, मग वायफायला, मग नशिबाला. तुम्ही सगळ्या यूएसबी वायरी काढायला लावल्या. एक बोर्ड लावला, व्यवस्थित चालला. दुसरा लावला, तो जोडला गेला आणि पहिला तुटला. पहिला परत जोडला गेला की दुसरा बाहेर. तुम्ही पोरांना विचारलं, ‘‘एकाच नावाचे पंधरा जण हजेरीला उभे राहिले, तर मॅडम कोणाची लावतील?’’ वर्गात हशा पिकला आणि पोरं आपापल्या कोडवर वाकली. सगळ्यांनी माझाच प्रोग्राम कॉपी केला होता, क्लायंट आयडीसकट, म्हणजे बोर्ड ब्रोकरला जे नाव सांगतो त्यासकट. त्याच नावाने नवा कोणी आला की ब्रोकर जुन्याला काढून टाकतो, हे माझ्या स्लाइडवर होतं. सत्तेचाळिसाव्या.

जळालेले बोर्ड तुम्ही फेकू दिले नाहीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवायचात, प्रत्येकावर चिठ्ठी: ‘एको पिन थेट जोडली.’ अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर एको पिनवरून पाच व्होल्ट परत पाठवतो, बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. मध्ये एक किलोओहम आणि दोन किलोओहम असे दोन रेझिस्टर टाकले की काम भागतं. ही चिठ्ठी वाचून किती बोर्ड वाचले असतील!

आणि काटोलचा तो पोरगा. बापाच्या संत्र्याच्या बागेत ओलाव्याचा सेन्सर लावून आला होता. काही आठवड्यांत सेन्सरचे दोन्ही दांडे गंजून खाल्ले गेले, कारण त्यातून दिवसरात्र करंट चालू. ‘‘रीडिंग घ्यायचं तेवढ्यापुरताच करंट दे ना बावा,’’ तुम्ही म्हणालात, आणि त्याने सेन्सरचा सप्लाय बोर्डाच्या एका पिनवरून घेतला. पण खरी गंमत डिसेंबरात झाली. मोबाइलवर रोज ‘पाणी द्या’ असा लाल इशारा, आणि बाप हसत होता. आंबिया बहाराचा फुलोरा यावा म्हणून बाग ताणावर सोडलेली, पाणी मुद्दाम बंद! तुम्ही पोराला कोड बदलायला नाही सांगितलं. आधी बापाजवळ बसून ताण कधी तोडायचा ते विचारून ये, म्हणालात. तो विचारून आला, दोन पानं लिहून आणली. माझ्या मते त्या वर्षीचा सर्वांत चांगला प्रोजेक्ट रिपोर्ट तीच दोन पानं होती, परीक्षकांना काहीही वाटो.

डब्याची जबाबदारी आता माझ्याकडे आहे. पहिल्या प्रॅक्टिकलला मी अजून तोच प्रोग्राम देते, सगळ्यांना एकच क्लायंट आयडी, आणि गप्प बसते. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने चाळीस मिनिटांत पकडलं. शेजारणीची वायर उपटली आणि ओरडली, ‘‘मॅडम, हे दोघं भांडून राहिले!’’

तेवढं कळवायचं होतं.

तुमची,
लॅबमधली मॅडम