सोलापूरच्या विडी कामगार आज्यांना मोबाईल कोण शिकवणार?

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. सूप मांडीवर घेऊन चाळीस-चाळीस वर्षं विड्या वळलेल्या बायका इथे घरोघरी आहेत. त्यांतल्या काहींना ईपीएस-९५ची, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आता तो चेहरा दाखवून मोबाईलवरही देता येतो. सोय चांगलीच आहे. पण शेजारच्या अव्वांची (तेलुगू आजींची) पेन्शन दाखल्यावाचून दोन महिने अडली, आणि दाखला काढून देणाऱ्याने त्यांच्याकडून दोनशे रुपये घेतले.

म्हणून मीच त्यांच्याजवळ फोन घेऊन बसले. विड्यांची तोंडं मुडपून अंगठा इतका राठ झालाय की स्क्रीनला तो कळतच नाही. मग त्या जोर लावून दाबून धरतात आणि भलतंच काहीतरी उघडतं. बाजारापुरती मराठी त्यांना येते. 'प्रमाणीकरण' म्हणजे काय, हे मात्र मलाही समजावता आलं नाही. तेलुगूत नुसतं 'ओत्तु' म्हटलं, की बोट बरोबर जागी जातं. पलीकडच्या कन्नड आजींनाही तोच शब्द चालतो. उर्दू बोलणाऱ्या खालांना 'दबाओ' म्हणावं लागतं. एका गल्लीत चार भाषा आहेत, साहेब.

२०१७ च्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात वयाची अट १४ ते ६० होती, घरटी एकच माणूस, आणि तेही फक्त खेड्यांत. म्हणजे आमच्या अव्वा वयानेही बाहेर आणि पत्त्यानेही. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच दारातून परत पाठवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

राज्याने स्वतःचा वर्ग सुरू करावा, वरच्या वयाची अट न घालता. तो गल्लीतच, दुपारी भरावा. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर या विडी कामगारांच्या वसाहतीतही भरावा. शिकवायला याच घरांतल्या कॉलेजला जाणाऱ्या मुली घ्या, त्यांना मानधन द्या. शिकणारीच्या स्वतःच्या फोनवर, तिच्या भाषेत, तेच तेच पुन्हा करून घ्यावं लागेल. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर १९३० ला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी. आणि त्या शिकेपर्यंत कागदी दाखल्याची सोय बंद करू नका.

आमच्या समाजमंदिराची खोली दुपारी रिकामी असते. किल्ली मी मागून ठेवली आहे.

आपली,
पूर्व भागातील एक रहिवासी, सोलापूर