घड्याळातली नाडी आणि बोटाखालची नाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी तळजाईवर किंवा पर्वतीच्या पायऱ्यांवर पाहावे, तर निम्मे लोक मनगटावरच्या घड्याळात डोके घालून उभे. ज्यांचे हृदय लयीत चालते त्यांना तो आकडा बऱ्यापैकी खरा मिळतो. ज्यांची लय बिघडली आहे त्यांना आकड्याची धास्ती सर्वांत जास्त, आणि दगाही नेमका त्यांनाच बसतो.

‘ठोका चुकला’ असे वाटते तेव्हा बहुधा तो चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. हृदय पुरते भरण्याआधीच पडल्याने त्याचा रेटा मनगटापर्यंत पोचत नाही. मग जरा थांबून पुढचा ठोका जास्त भरलेल्या हृदयाचा येतो, म्हणून छातीत दणका बसतो. असा जादा ठोका एकाआड एक पडू लागला की हृदय 76 ने चालत असताना ऑक्सिमीटर 38 दाखवतो आणि घरात पळापळ सुरू होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्येही (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याच्या आजारात) काही ठोके इतके दुबळे असतात की नाडीत उमटतच नाहीत. स्टेथोस्कोपने मोजले तर 110, मनगटावर 90, आणि दोन्ही आकडे खरे!

मोजायचेच तर पाच मिनिटे पाठ टेकून बसावे. चहा किंवा जिना झाला असेल तर अर्धा तास जाऊ द्यावा. अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधले बोट टेकवून पूर्ण 60 सेकंद मोजावे. 15 सेकंद मोजून चौपट करण्याची सवय इथे उपयोगाची नाही. तेवढ्यात दोन ठोके इकडेतिकडे झाले की उत्तर आठाने चुकते. वहीत आकड्याशेजारी ‘सरळ’ किंवा ‘बेताल’ एवढे जरूर लिहावे, डॉक्टरांना ते जास्त कामाचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस्स. बीपीचे मशीनही बेताल नाडीत गोंधळते, म्हणून मिनिटभर थांबत तीनदा मोजून सरासरी काढावी.

रात्री डाव्या कुशीवर धडधड जास्त जाणवते, कारण हृदय छातीच्या भिंतीजवळ येते. अशा वेळी घड्याळ पाहिले की भीतीने नाडी आणखी चढते. आधी कूस बदलावी, श्वास सावकाश सोडावा, दहा मिनिटांनी मोजावे. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर धडधड चालू असतानाची 30 सेकंदांची पट्टी जपून ठेवावी. महिन्यातून एकदा होणारा त्रास 24 तासांच्या हॉल्टरमध्ये (अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्रात) सापडेलच असे नाही.

खरे नुकसान आकड्यावरून गोळ्यांशी खेळल्याने होते. 52 दिसले म्हणून मेटोप्रोलॉल (ठोके मंद करणारी गोळी) परस्पर बंद केली, तर नाडी आणि बीपी उसळून वर येतात. ही गोळी घेणाऱ्याची नाडी पन्नाशीत असणे अनेकदा अपेक्षितच असते. चक्कर येत असेल तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. ‘आता ठोके सरळ आहेत’ म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सोडणे तर त्याहून घातक. फिब्रिलेशनमध्ये डाव्या कर्णिकेच्या (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या) कोपऱ्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो आणि लय सुधारली तरी तो धोका लगेच जात नाही. असिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मेथी-पालक बंद करू नये, दर आठवड्याला प्रमाण सारखे ठेवावे आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी) चुकवू नये. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

चक्कर येऊन पडणे, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर नाडी मोजत बसू नये, 108 ला फोन करावा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्ण रक्त पातळ करणारी कोणती गोळी घेतो आणि शेवटची कधी घेतली, हे इंजेक्शन देण्याआधी विचारले जाते; गोळ्यांची पाकिटे सोबत घ्यावीत.

– एक परिचारिका, सहकारनगर, पुणे