साडेआठची नोंद

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

प्रिय मंगल,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिले नाही, त्याबद्दल जे बोलायचे ते भेटल्यावर बोल. माझी प्रकृती बरी आहे, गुडघा होता तसाच आहे. आज लिहायला बसले, कारण आमच्या लेबर रूममध्ये एक प्रकार घडला आहे. तो दुसऱ्या कोणाला सांगितला तर त्याला त्यातले अर्धेच कळेल.

परवा सकाळी नाईटकडून ओव्हर, म्हणजे कामाचा ताबा, घ्यायला मी जरा लवकर पोहोचले. गगनबावड्याकडची एक बाई साडेसहाला मोकळी झाली होती. दुसरे बाळंतपण, बाळ सव्वातीन किलोचे. सगळे रीतसर झाले होते : बाळ येताच गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिनचे 10 युनिट मांडीत दिलेले, नाळ थोडे थांबून कापलेली, वार पूर्ण आलेली, बाळ आईच्या छातीवर. बाहेर सासऱ्यांनी पेढ्यांचा बॉक्सही उघडला होता. मी सवयीने तिच्या पोटावर हात ठेवला, तर गर्भाशय मऊ, बेंबीच्या वर चढलेले आणि उजवीकडे सरकलेले. मूत्राशय भरले की ते असेच सरकते आणि आवळत नाही, हे तुला सांगायला नकोच. वरची चादर कोरडी होती. तिला कुशीवर वळवले तेव्हा पाठीखाली रक्ताचे थारोळे दिसले. नाडी 124 होती. रक्तदाब मात्र 106/70, कारण तरण्याताठ्या बाईचा रक्तदाब शेवटपर्यंत सभ्यपणे टिकून राहतो आणि आपल्याला फसवतो. मग केसपेपर पाहिला. दर पंधरा मिनिटांची नोंद होती : रक्तदाब 110/70, नाडी 80, गर्भाशय कठीण, रक्तस्राव नेहमीइतका. ही नोंद साडेआठपर्यंत भरलेली होती आणि घड्याळात आठला वीस मिनिटे कमी होती!

पुढचे थोडक्यात सांगते. पोट चोळत मावशींना हाक मारली, कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे केले, दोन्ही हातांना सुया लावल्या, ऑक्सिटोसिनचे ड्रिप आणि रक्त थांबवायला 1 ग्रॅम ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड सुरू केले, डॉक्टर धावत आले, रक्ताची पिशवी मागवली. नऊच्या सुमारास गर्भाशय आवळले. बाई आता चांगली आहे; बाळ पीत आहे आणि सासूबाई डिंकाच्या लाडवांची परवानगी मागत आहेत.

आता त्या नोंदी लिहिणाऱ्या मुलीविषयी, आमच्या नव्या सिस्टरविषयी. नाईटला ती एकटीच होती. तिला नोकरीला लागून वर्षही झालेले नाही. सातच्या सुमारास दुसऱ्या टेबलावरची बाई मोकळी झाली आणि ते बाळ रडले नाही. तिने त्याला पुसले, चोळले, वेळ जाऊ न देता पहिल्या मिनिटातच बॅग आणि मास्क लावून श्वास दिले आणि ते गुलाबी होईपर्यंत वॉर्मरपासून हलली नाही. ते बाळ तिच्यामुळेच आहे, हे मी कोणापुढेही सांगेन. पण पहिल्या बाईच्या नोंदी तिने त्याच्या आधी, हाताला उसंत होती तेव्हाच, एका बैठकीत पुढपर्यंत लिहून टाकल्या होत्या. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सिस्टर, नंतर वेळ मिळत नाही म्हणून सगळ्याच जणी अशा लिहितात." ती खोटे बोलत नव्हती, आणि मला झोप लागत नाही ती या वाक्यामुळे.

आता तू हसणार. आपण नर्सिंग शिकत होतो तेव्हाच्या, मेल मेडिकल वॉर्डातल्या त्या आजोबांची आठवण तुला झाली असणारच. सकाळी डिस्चार्ज घेऊन गेलेल्या माणसाचे संध्याकाळचे तापमान तू 98.4 लिहिलेस, आणि वर "झोप शांत लागली" असा शेराही मारलास. लागली असेलही, पण पेठवडगावला, स्वतःच्या घरी! मी ट्यूटर मॅडमना सांगितले म्हणून तू दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मेसमध्ये माझ्या वाटणीचा पांढरा रस्सा मात्र बिनबोभाट पीत राहिलीस. मी आजही म्हणते की सांगितले ते बरोबर केले. फरक इतकाच की त्या वॉर्डात आपण चौघी होतो आणि आजोबांना काही झालेले नव्हते.

इथे माझ्याकडून लेखी निवेदन मागितले आहे. वरच्यांना त्यात एवढेच हवे आहे की सिस्टरने खोट्या नोंदी केल्या. नाईटला माणसे किती होती हा विषय त्यांना नको आहे. दुसरीकडे इनचार्ज हळूच सुचवतात की बाई सुखरूप आहे, तर तो कागद नव्याने "स्वच्छ" लिहून काढावा. म्हणजे एकाला मुलगी बुडवायची आहे आणि दुसऱ्याला कागद. 2017 मध्ये लेबर रूम सुधारण्याचा सरकारी "लक्ष्य" कार्यक्रम आल्यापासून लेबर रूमसाठी तक्ते आले, तपासणीच्या याद्या आल्या, आणि त्या चांगल्याच आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात दहांपैकी सात वेळा कारण गर्भाशय न आवळण्याचेच असते, म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी हात लावून पाहायचे. यात काढून टाकण्यासारखे काही नाही. पण आठ रकाने छापले म्हणून आठ वेळा हात पोटावर जातो असे नाही, आणि जी मुलगी एकाच वेळी न रडणारे बाळ आणि वाहणारी आई सांभाळते आहे तिच्यापुढे तो कागद ठेवला की ती कागदच आधी उरकते, कारण कोरा रकाना तपासणीत दिसतो आणि पाठीखालचे रक्त दिसत नाही.

मी निवेदन लिहिले आहे. नोंदी आधी भरल्या होत्या हे त्यात आहे. मी तपासले तेव्हाची वेळ, नाडी आणि रक्तदाब आहेत. दोन टेबले आणि एक सिस्टर हेही आहे, आणि दुसऱ्या बाळाला दिलेले श्वासही. इनचार्ज म्हणाल्या, शेवटच्या दोन गोष्टी विषयाला धरून नाहीत. मी त्या काढलेल्या नाहीत. मुलीला मेमो मिळेलच. तो माझ्या सहीमुळे मिळेल, हेही तिला मीच सांगितले. ती रडली, मग म्हणाली की तिने कालची नाईट केली आणि एकही नोंद आधी लिहिली नाही. तीन रकाने कोरे राहिले आणि त्यासाठी तिला सकाळी बोलणी बसली. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

तोवर मी एक केले आहे. सोबतीला येणाऱ्या आईला किंवा सासूला मी आता गर्भाशय हाताने ओळखायला शिकवते. ट्यूटर मॅडम आपल्या कपाळावर बोट टेकवून दाखवत तसेच : असे कठीण लागले पाहिजे, मऊ लागले तर ओरडून हाक मारायची. आज एका आजींनी इतक्या वेळा हाक मारली की मावशी वैतागल्या. तपासणीची जबाबदारी आपलीच आहे, हे मला कळते. पण तो आजींचा हात तरी जागेवर होता.

तुझ्या धाकट्याचे लग्न ठरल्याचे कळले, आनंद झाला; मुलगी काय करते, तारीख कोणती, ते सविस्तर कळव. नाशिकचे घर विकू नकोस, एवढेच सांगते. आईंना नमस्कार.

हे पत्र तुला मिळेल तोवर निवेदन दिले गेलेले असेल, त्यामुळे सल्ला देऊ नकोस. मला तुझ्याकडून दुसरेच हवे आहे. मी तुझे नाव सांगितल्यानंतर त्या चार महिन्यांत मी काय केले असते तर तू माझ्याशी बोलली असतीस, ते खरे खरे लिही. ही मुलगी सोमवारपासून माझ्याच शिफ्टला आहे.

तुझी,
शैला