जॉन्सनच्या कट्ट्याबद्दल

प्रिय मित्रा,

फोनवर तू हसलास की अठराव्या शतकातल्या लंडनच्या म्हाताऱ्यांच्या गप्पा वाचून तुला काय मिळतं रे, तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

१७६४ साली सोहोमधल्या जेरार्ड स्ट्रीटवर टर्क्स हेड नावाच्या ठिकाणी दर सोमवारी संध्याकाळी सातला मंडळी जमायला लागली. सुरुवातीला नऊ जण, आणि नाव काय, तर नुसतं 'द क्लब'. लेखक सॅम्युअल जॉन्सन, चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स, राजकारणी एडमंड बर्क, लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ वगैरे, नंतर जॉन्सनचं चरित्र लिहिणारा बॉस्वेल, नट गॅरिक, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथसुद्धा आले. बायकांना अर्थात प्रवेश नाही. यादी बघून वाटतं विद्वानांची सभाच, पण मूळ कल्पना रेनॉल्ड्सची आणि ती जॉन्सनच्या काळजीपोटी निघाली असं मानतात. म्हणजे बघ, १७५५ मधे एवढी अवाढव्य डिक्शनरी काढलेला माणूस, बायको त्याच्या तीन वर्षं आधीच गेलेली, आणि हा रात्रीच्या एकटेपणाला जाम घाबरायचा, आपल्याला वेड लागेल की काय अशी भीती, त्यामुळे घरी जायचंच नसायचं त्याला. रेनॉल्ड्स उपदेशाच्या भानगडीत पडला नाही, आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की करून टाकली, बस.

आता बॉस्वेलने सगळं बोलणं इतकं भारी लिहून ठेवलंय की आपल्याला वाटतं ही मैत्री म्हणजे गप्पाच. मला नाही पटत. गप्पांत जॉन्सन समोरच्याला चारीमुंड्या चीत केल्याशिवाय सोडायचा नाही, आणि गोल्डस्मिथची तर सगळेच खेचायचे. पण त्याच गोल्डस्मिथचा एकदा सकाळी निरोप आला की लवकर ये, अडचणीत आहे, तर जॉन्सनने आधी एक गिनी (सोन्याचं नाणं) पाठवून दिली आणि मग आवरून स्वतः गेला. बघतो तर घरमालकिणीने भाड्यासाठी याला अटकेत टाकलेलं आणि या बहाद्दराने गिनी मोडून मदिरा वाईनची बाटली आणलेली! जॉन्सनने बाटलीला बूच लावलं, म्हणाला शांत हो, पैसे कसे उभे करायचे ते बोलू. गोल्डस्मिथने एका कादंबरीचं हस्तलिखित काढून दिलं, जॉन्सनने ते नेऊन साठ पौंडाला विकलं, भाडं चुकतं झालं. तीच 'द व्हिकार ऑफ वेकफील्ड', १७६६ ला छापून आली.

त्याचं घर तर विचारूच नको. ॲना विल्यम्स नावाची आंधळी कवयित्री, गोरगरिबांना औषधं देणारा लेव्हेट, अजून दोघीतिघी, सगळे याच्या आसऱ्याला आणि आपापसात कायम भांडणं, कोणाचं कोणाशी पटत नाही असं त्यानेच पत्रात लिहिलंय. तरी कितीही उशीर होवो, हा बाहेरून आला की विल्यम्सबाईंबरोबर चहा घेतल्याशिवाय झोपायचा नाही, त्याही जागून वाट बघायच्या. हॉज नावाच्या मांजरासाठी कालवं आणायला स्वतः जायचा. का, तर जमैकात गुलामगिरीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर त्याच्याकडे नोकर होता, त्याला जनावराची चाकरी करावी लागून वाईट वाटू नये म्हणून. हे त्याची मैत्रीण हेस्टर थ्रेल हिने लिहून ठेवलंय. मला तर ही एक गोष्ट क्लबातल्या सगळ्या कोट्यांपेक्षा मोठी वाटते.

आणि नेमकं हेस्टरच्याच बाबतीत म्हातारा कमी पडला यार. स्ट्रेटममधे थ्रेल कुटुंबाच्या घरी याची हक्काची खोली, वर्षानुवर्षं पाहुणचार, रात्ररात्र चहा ओतत ती याच्याशी बोलत बसायची. १७८१ मधे नवरा वारला, तीन वर्षांनी तिने पियोझ्झी नावाच्या इटालियन गायकाशी लग्न करायचं ठरवलं, तर याने इतकं घाणेरडं पत्र लिहिलं की वाचून संताप येतो. तिने ठणकावून उत्तर दिलं. मग याचं नरमलेलं पत्र गेलं, वीस वर्षं तू माझ्या दुःखी आयुष्याला दिलासा दिलास वगैरे, पण तोवर तुटायचं ते तुटलं होतं. त्याच डिसेंबरात तो गेला. सगळ्यांच्या सोयी बघणाऱ्या माणसाला तिची एक गोष्ट बघवली नाही, याचं मला अजून कोडं आहे, तुला काय वाटतं सांग.

बरं, तुझ्या कामाचं शेवटी ठेवलंय. १७८१ मधे आपल्या राघोबादादाने हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील, म्हणजे दूत, लंडनला पाठवला होता, सोबत दोन पारशी. तिथे त्यांचे राहण्याखाण्याचे हाल व्हायला लागले तेव्हा क्लबातलाच बर्क त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी घेऊन गेला, आणि सोवळ्यात स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता यावा म्हणून बागेतलं ग्रीनहाऊसच त्यांना मोकळं करून दिलं! इंग्रजांच्या बाजूचं बरंच सापडतं, पण या माणसाने परत येऊन तिथल्याबद्दल काही लिहिलं का, सांगितलं का, ते मला हवंय. तू पेशवाईच्या कागदपत्रांत डोकं घालून बसलेला असतोस, कुठे हणमंतराव दिसला तर पानाचा फोटो काढून पाठव, आणि प्लीज मोडी असेल तर वाचूनही दाखव, मला ओ की ठो कळत नाही त्यातलं.

तुझाच